पापणीवर फोकस

५ सप्टेंबर

नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. वही मुद्दाम आजच्यासाठी राखून ठेवली होती.

घर अरुंद आणि उंच आहे. खाली कायमचं बंद असलेलं दुकान, मधल्या मजल्यावर मास्तर आणि काकू राहतात, तिथलीच मागची खोली मला, सगळ्यात वर कारखाना. कारखाना म्हणजे एकच लांब खोली, पण काय खोली! उत्तरेच्या भिंतीत जमिनीपासून छतापर्यंत खिडकी. ऊन म्हणून कधी आत येत नाही, नुसता उजेड, दिवसभर एकसारखा. एका कोपऱ्यात लेथ, भिंतीवर कानशी अगदी उंचीप्रमाणे लावलेल्या, आणि फळ्यांवर जुने कॅमेरे, शंभर तरी असतील. खिडकीसमोर एक लाकडी खुर्ची आहे, जमिनीला स्क्रूने पक्की केलेली. लेथच्या हादऱ्यांमुळे केली असेल.

मास्तर पासष्टीचे आहेत. इतकं हळू बोलतात की ऐकताना आपणच श्वास रोखून धरतो. त्यांनी परीक्षा म्हणून एका कॅमेऱ्याचं शटर खोलायला दिलं. तिळाएवढे स्क्रू. घड्याळांच्या दुकानात सात वर्षं काढलेल्या बाईला हे काय अवघड! डोळ्याला घड्याळजीचा भिंगाचा आयग्लास लावला, खोललं, पुसलं, जोडून परत दिलं. मास्तरांनी ते कानाशी धरून दोनदा वाजवून पाहिलं आणि नुसती मान हलवली. काकू दारातून बघत होत्या. चष्मा कधी लागला होता का, म्हणून त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की मलाच लाजायला झालं.

दादा म्हणाला होता, महिनाभर टिकलीस तरी खूप झालं. माझी जीभ तिखट आहे, आधीचं दुकान त्यापायीच सुटलं, हे खरं. वहिनीने तर मी निघायच्या आधीच माझं कपाट रिकामं करायला घेतलं होतं. बघतीलच दोघं.

९ सप्टेंबर

काम आवडलं. अगदी मनापासून आवडलं.

हे जुने रोल-फिल्मचे कॅमेरे. निगेटिव्ह चांगली सहा सेंटिमीटरची, चौकोनी, हातात धरली तर काहीतरी धरल्यासारखं वाटतं. लोक लांबून कॅमेरे पाठवतात आणि म्हणतात, याला त्या दुसऱ्याचं भिंग बसवून द्या, याची पाठ काढून त्याची लावा. ऐकायला सोपं आहे. पण भिंग आणि फिल्म यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. त्यात केसाएवढा फरक पडला की सगळा चेहरा धुक्यात. म्हणून आधी लेथवर पितळेची कडी कातायची, ती कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवायची, मग तिच्याखाली कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या एकेक घालत जायचं, आणि फिल्मच्या जागी दुधी काच लावून बघत राहायचं.

आज पहिली कडी कातली. ती थोडी घट्ट झाली म्हणून मी भिंगाच्या मागच्या काठावर कानस धरली, तर मास्तरांनी माझं मनगट पकडलं. आवाज तसाच हळू. भिंगाला हात लावायचा नाही, म्हणाले, कापायचं ते कॅमेऱ्याला. बराच वेळ त्यांनी मनगट सोडलं नाही.

काकूंनी संध्याकाळी सूप केलं होतं. माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतायत. इथे थंडी लवकर पडते म्हणे.

१४ सप्टेंबर

खुर्चीचा उलगडा झाला. तयार झालेला प्रत्येक कॅमेरा तपासायला काकू त्या खुर्चीत बसतात. छापील तक्ते असतात ना त्यासाठी, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, तक्ता खोटं बोलतो, पापणी बोलत नाही. फोकस पापणीच्या केसावर घ्यायचा. डोळ्याजवळचे केस एकेक मोजता आले पाहिजेत आणि भुवई विरघळली पाहिजे, तर कॅमेरा जमला.

आज दुधी काचेत मी बघत होते. काकूंचा चेहरा उलटा, केवढा मोठा. त्या हलल्या की पापणी सटकते आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. मास्तर त्यांच्याशी बोलत नाहीत. त्यांनी दोन बोटांनी काकूंची हनुवटी सरळ केली, आपण स्टँडचं डोकं फिरवून सरळ करतो तशी. चाळीस वर्षं बसतायत त्या. पाचव्या खेपेला त्यांची पापणी लवली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की काकू, जरा म्हणून धीर नाही का तुम्हाला. मास्तर माझ्याकडे बघून हसले. पहिल्यांदाच हसले.

मला फार बरं वाटलं. हे लिहून ठेवते, कारण खरं ते हेच आहे.

२२ सप्टेंबर

मास्तरांनी कपाटातून त्यांचा खजिना काढला. विमानातून नकाशे काढायच्या कॅमेऱ्याचं भिंग, दोन्ही हातांनी उचलावं लागतं. काच जुनी होऊन मधासारखी पिवळी पडलीये. हे एका साध्या चौकोनी कॅमेऱ्यावर बसवायचं, वीस वर्षं त्यांच्या डोक्यात आहे. हात थरथरायला लागले म्हणून राहिलं. आता माझे हात आहेत.

कॅमेऱ्याचं अख्खं तोंड करवतीने कापलं. आरसा काढला. त्या जागी पितळेची नळी बसवली, फिरवली की पुढे-मागे होणारी. चार दिवस मी जेवायला खाली गेले नाही, काकूच ताट वर आणायच्या. येतील तेव्हा स्वेटरची मापं घ्यायच्या. खांदे, गळा, एका कानामागून दुसऱ्या कानामागेपर्यंत. टोपीपण करणार होत्या म्हणे.

भिंग बसलं! पण या भिंगाचा फोकस इतका पातळ आहे की वरची पापणी धरली तर खालची जाते. त्यात मास्तरांना मंद फिल्म लागते, वर गडद काच. म्हणजे समोरच्याने चार सेकंद हलायचं नाही. क्षणभर चेहरा सोंग करतो, म्हणतात, चार सेकंदांत थकतो आणि मग खरा दिसतो.

काकूंना जमेना. अकरा फ्रेम वाया. मी म्हणाले, चार सेकंदसुद्धा होत नाहीत का हो तुमच्याने? काकू म्हणाल्या, होतील, होतील, आणि पदराने डोळे टिपले. डोळे लालबुंद झाले होते.

२८ सप्टेंबर

काकूंच्या उजव्या डोळ्यात बुबुळावर पांढरा ठिपका आहे. हा आजचा नाही. मी आज नीट पाहिला, इतकंच. डॉक्टरांना दाखवूया म्हटलं तर मास्तर उठून लेथकडे गेले. काकू म्हणाल्या, मी आता म्हातारी झाले, या भिंगापुढे माझं काम नाही.

मास्तरांनी एक आकृती दिली होती, त्याप्रमाणे मी पितळेचा चिमटा केला. दोन वाकडे बाहू, टोकांना चामडं, मागे स्क्रू. एखाद्या मोठ्या भिंगाला आधार द्यायचा असेल असं समजून केला. सुरेख झाला.

जेवताना मीच म्हणाले, उद्या मी बसते, एक दिवस. काकूंनी माझा हात हातात घेतला. डोळे भरून आले त्यांचे.

३० सप्टेंबर

काल लिहिता आलं नाही.

चिमटा डोक्यासाठी होता. खुर्चीच्या पाठीला लागतो आणि कानांमागे येऊन बसतो. मला इतका चपखल बसला की एक चकतीसुद्धा घालावी लागली नाही. मी हसले. मास्तर हसले नाहीत.

मग काकूंनी डोळ्यांत थेंब घातले. त्याने बाहुली मोठी होते, डोळे मिचकावले जात नाहीत, फोटोत छान काळे येतात, काही त्रास नाही, असं सांगत सांगत. हात इतका हलका की आई आठवली. तीस-पस्तीस फ्रेम झाल्या. चार सेकंद वाटतात तेवढे लहान नसतात.

संध्याकाळभर जवळचं काही दिसत नव्हतं. आज ठीक आहे.

३ ऑक्टोबर

प्रिंट पाहिली. ती मी आहे यावर विश्वास बसेना. पापणीचा केस न् केस, आणि डोळ्यांत खिडकी, खिडकीत मास्तर. बाकी सगळं विरघळलेलं. एक प्रिंट दादाला पाठवली. वहिनी बघेल आणि गप्प बसेल.

मास्तर म्हणतात, अजून जमलेलं नाही. तिसऱ्या सेकंदाला माझी पापणी थरथरते.

८ ऑक्टोबर

थेंब आता दिवसातून तीनदा. अक्षर मोठं काढतेय, तरी ओळ सापडत नाही. आयग्लास लावून लिहिते, म्हणजे दोन-दोन शब्द दिसतात. घसा कोरडा पडतो, छातीत धडधडतं, रात्री अंगात ताप असतो. स्क्रू हातातून पडतात. मास्तरांना सांगितलं की असं कसं काम करणार, तर म्हणाले, तुझं काम तू बसून करतेयस.

आज थेंब नको म्हटलं. काकूंनी माझं कपाळ धरलं आणि घातले. हात हलकाच होता, पण सुटता येत नव्हतं.

१० ऑक्टोबर

मास्तर आंघोळीला गेले तेव्हा खिडकीजवळची खोकी उघडली. पाकिटं, पाकिटांवर कॅमेऱ्यांचे नंबर. आयग्लास लावून एकेक निगेटिव्ह उजेडात धरली.

आधी काकू. माझ्याहून लहान. मग दुसरी एक. मग आणखी. काकू सोडून चौघी आहेत. हीच खुर्ची. पहिल्या निगेटिव्हमध्ये प्रत्येकीचं तोंड हसरं. पुढे तोंड बदलत जातं. शेवटी शेवटी वरच्या पापणीतून बारीक दोरा जातो. दोरा भुवईवर कशाला तरी बांधलेला आहे. फोकस दोऱ्यावर नाही, केसांवर आहे. केस न् केस मोजता येतो.

चौथीच्या शेवटच्या निगेटिव्हमध्ये एकच डोळा घेतलाय. दुसरा घेण्यासारखा उरला नसेल.

निघते. उद्याच. फोनचा उजेड डोळ्यांत घुसतो, आयग्लासमधूनही आकडे दिसत नव्हते, कुणाचं नाव दिसत नव्हतं, म्हणून काकूंना म्हटलं दादाला लावून द्या. काही दाखवलं नाही मी, साधं बोलले. त्यांनी लावला. आणि फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेल्या. बराच वेळ बोलत होत्या. परत येऊन म्हणाल्या, दादा येतोय गं तुझा, परवा येतोय.

येतोय. दोन दिवस काढायचे फक्त.

१२ ऑक्टोबर

दादा येऊन गेला.

सगळं लिहिते. लिहिलंच पाहिजे.

सकाळी आला. खाली काकूंजवळ तासभर बसला. वर आला तेव्हा त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. डोळ्यांना संसर्ग झालाय, ताप डोक्यात जातो, काहीबाही बरळते. मी त्याचा हात धरून सांगितलं, थेंब, दोरा, खोकी. माझाच आवाज मला कसातरी ऐकू येत होता, जीभ टाळूला चिकटत होती. तो म्हणत राहिला, हो हो, शांत हो. मास्तरांनी खोकं उघडून त्याला निगेटिव्ह दाखवल्या. इमारती आहेत गं, म्हणाला, पूल आहेत, झाडं आहेत. मला फक्त पांढरं दिसत होतं. मग त्याने माझी प्रिंट मागितली, हातात घेतली आणि म्हणाला, किती सुंदर आलीयस तू यात. घरी तुझ्या वहिनीला पण फार आवडली.

मास्तर म्हणाले, आता भाऊ आलाच आहे तर एक फोटो त्याच्या हातून होऊ दे. मी स्वतः उठून खुर्चीत बसले. चिमटा बघेल तेव्हा कळेल ना त्याला! मास्तरांनी स्क्रू आवळला. माझ्या कानामागची कातडी फाटलीय, ती त्याने बघावी म्हणून मी मान वळवायला गेले, तर मान वळतच नाही. मी म्हणाले, दादा, हे बघ. तो म्हणाला, बाप रे, दाताच्या डॉक्टरकडे असतं तसं आहे की हे.

मास्तरांनी त्याला दुधी काचेत बघायला लावलं. त्याने डोळा लावला. हसला. उलटी दिसतेयस, म्हणाला. मी रडत होते. मास्तरांनी काच काढून फिल्म लावली आणि म्हणाले, पाण्याने चमक येते, आता दाबा. आणि दादाने दाबलं. मोठ्याने मोजत होता. एक. दोन. तीन. चार.

निघताना खोलीत आला. सफरचंदं ठेवली. मी म्हटलं मला घेऊन चल, बोलू नकोस, काही विचारू नकोस, नुसतं घेऊन चल. त्याने रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाला, ही माणसं करतात तेवढं घरी कोण करणार आहे तुझं? तुझ्या खोलीत आता मुलं झोपतात. तिथे आलीस तर रोजची कटकट होईल, तुला माहितीये. बरी झालीस की बघू.

मी त्याच्या बुटांचा आवाज मोजला. जिना उतरताना तो भराभर उतरला. सुटल्यासारखा.

१४ ऑक्टोबर

आज बाहेर पडले. खरंच पडले.

काकू दूध आणायला, मास्तर लेथवर. भिंतीला हात लावून जिना. दाराची कडी वरची, मग खालची. रस्ता—

नुसता पांढरा. डोळ्यांत सुया. माणसं येताना दिसत नाहीत, अंगावर आली की कळतात. मी ओरडले असेन. एकाने कोपर धरलं. पावाचा वास आला, समोरचा बेकरीवाला. मी म्हटलं, मला लांब न्या, पोलीस, दवाखाना, कुठेही. तो हो म्हणाला, चला ताई, सावकाश, दगड आहे इथे, पायरी आहे. फार प्रेमाने बोलत होता. पायरी आहे म्हणाला तेव्हा पायाला ओळखीची लागली.

काकूंनी दार उघडलं. बेकरीवाला म्हणाला, तुमची आजारी मुलगी चुकून बाहेर आली होती. काकू म्हणाल्या, देवासारखे भेटलात हो.

१५ ऑक्टोबर

आयग्लास नाही. उशाखाली होता. काकू म्हणतात मीच हरवला.

अंदाजाने लिहितेय. ओळीवर ओळ जात असेल.

मास्तरांनी लेथवरचा मापं घ्यायचा व्हर्नियर आणून पापणी मोजली. पापणीपासून भुवईच्या हाडापर्यंत. थंडगार टोक. आकडा मोठ्याने सांगितला, काकूंनी लिहून घेतला. मी म्हटलं बसते मी, हलणार नाही, बघा ना, चार काय दहा सेकंद बसते. मास्तर म्हणाले, तुझी चूक नाही, पापणीची आहे.

भिंगाला हात लावत नाहीत ते.

१६ ऑक्टोबर

काकू उशाशी बसून विणत होत्या. सुयांचा आवाज. मी विचारलं, तुम्हाला का नाही दोरा घातला. म्हणाल्या, मी दर वेळी कुणीतरी शोधून आणते म्हणून.

शांतपणे सांगत होत्या. नोकरीच्या जाहिरातीला नऊ जणींची उत्तरं आली होती. तुझ्या फोटोत डोळे बघितले आणि यांना म्हटलं, हीच. आधी जरा वाईट वाटायचं, म्हणाल्या, त्या पोरी गरीब होत्या, मला जपायच्या. तुझं नाही वाटलं. तू म्हणालीस ना मला, चार सेकंदसुद्धा होत नाहीत का.

मी माफी मागितली. किती वेळा मागितली माहीत नाही. काकू म्हणाल्या, बाही पुढे कर, माप बघू दे.

१७ ऑक्टोबर

हात मोकळा आहे. उजवा. बाकी—

काकू बोट धरून ओळ दाखवतात. लिही म्हणतात, मन मोकळं होतं.

आज डावा डोळा. मी विचारलं उजवा कधी. उद्या, म्हणाल्या, घाई काय आहे.

खिडकी नुसती पांढरी. मास्तर हात धुतायत. पाणी थांबलं. ते काकूंना सांगतायत की आज दुधी काचेत तू बघ. काकू हसल्या. उठल्या. आता लांबून म्हणतायत, दिसतंय, केस न् केस दिसतोय, पण हिला म्हणावं लिहिणं बंद कर, त्याने हल